गाठीला हात लावायचा नाही

आमचे मिस्तरी बसमध्ये कधी दांडा धरून उभे राहिले नाहीत. भंडाऱ्याहून लाखनीकडे येणाऱ्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नसायची, आणि हे गृहस्थ गळ्यातली बारीक दोरी काढून वरच्या दांड्याला वेढे देऊन बांधायचे, फासात मनगट अडकवायचे आणि डोळे मिटून निवांत उभे राहायचे. ड्रायव्हरनं ब्रेक मारला की सगळी बस पुढं कोसळायची. मिस्तरी जागच्या जागी. एकदा कंडक्टर वैतागून म्हणाला, "बुवा, काढा थे दोरी, लोकायले लागून राहिली." मिस्तरींनी एक डोळा उघडला. "लोकायले सांग, दोरीले लागू नका." मी शेजारीच होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांच्याबरोबर काढलेल्या पंधरा वर्षांत कुठंही चारचौघांत जाताना मला त्यांची लाजच वाटली, हे आधीच कबूल करून टाकतो.

गावोगावी वीज नेण्याचे ते दिवस होते. आम्ही एका ठेकेदाराच्या टोळीत. खांब उभे करायचे, तारा ओढायच्या, गाव उजळलं की पुढच्या गावाला निघायचं. मी वायरमन, आणि ते टोळीचे मुख्य मिस्तरी. घर अड्याळला, पण राहायचे टोळीतल्या गड्यांबरोबर लाखनीच्या गोदामात. उंचीला बेताचे, अंगानं काटक, आणि तोंडानं महाफटकळ. त्यांचं नाव पगारपत्रकात काय होतं ते मला माहीत आहे, पण ते नाव घेऊन त्यांना कुणी हाक मारलेली मी ऐकली नाही.

त्यांच्या त्या दोरीची गाठ काय होती ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. वरून एक जाड दोर सोडलेला असतो. त्या दोरावर बारीक दोरीचा फास त्याच्याच पोटातून काढत तीनदा गुंडाळायचा. गाठ मोकळी असेल तोवर बोटानं ढकलली तरी दोरावर वर-खाली सरकते. पण तिच्यावर वजन आलं की वेढे आवळतात आणि गाठ जिथल्या तिथं बसते. फासाचं दुसरं टोक कमरेच्या पट्ट्याला. माणूस चढत जातो, गाठ हातानं वर सरकवत जातो, आणि पाय सुटलाच तर गाठ त्याला धरते. गोम एकच आहे. पडणारा माणूस घाबरून हाताला येईल ते पकडतो, आणि नाकासमोर असते ती गाठच. ती मुठीत धरून लटकलं की वेढे आवळतच नाहीत. गाठ खाली सरकत राहते आणि तिच्याबरोबर माणूसही.

"गाठीले हात लावाचा नाई." हे वाक्य मिस्तरी दिवसातून पन्नास वेळा म्हणायचे. जेवताना म्हणायचे, झोपेतसुद्धा म्हणायचे असं सिहोऱ्याचा एक गडी सांगे.

टोळीत नवा माणूस आला की त्याला गोदामामागच्या मोहाच्या झाडाला टांगत. जमिनीपासून हातभर वर, फक्त गाठीवर. मग मिस्तरी समोर उकिडवे बसायचे. "हं, आता टाळी वाजव." टांगलेल्या माणसानं दोन्ही हात सोडून टाळी वाजवायची! मी तिशीचा, मिशा असलेला, लग्न झालेला माणूस. मला हसू आलं, राग आला, आणि पाय जमिनीवरून सुटले तसा मी दोन्ही हातांनी गाठीला लटकलो. सर्रकन खाली येऊन ढुंगणावर बसलो. सगळी टोळी खदखदली. मिस्तरी हसले नाहीत. म्हणाले, "मेला. उचला याले, पुन्हा टांगा." त्या दिवशी मी चार वेळा मेलो. पाचव्यांदा टाळी वाजली. त्यानंतर आठ दिवस मी त्यांच्याशी धड बोललो नाही.

फासाची दोरी ते विकत घेत नसत. अड्याळच्या बाजारातून अंबाडीचा वाख आणायचा आणि मांडीवर वळत बसायचं. रोज सकाळी, चहाच्या आधी, दोरी नाकाला लावून वास घ्यायचे. ओल धरली, तेल लागलं, उंदरानं तोंड घातलं, सगळं म्हणे वासात कळतं. सहा महिने झाले की दोरी चांगली असो वाईट असो, चुलीत. जमिनीवर पडलेला दोर कुणी ओलांडला तर त्याला परत मागं पाठवून वळसा घालून यायला लावायचे, मग तो सुपरवायझर का असेना. आणि विजेला ते कधी वीज म्हणाले नाहीत. साहेब म्हणायचे. "साहेब घरी हाय का बाहेर गेला?" म्हणजे लाइन चालू आहे की बंद. खरे साहेब जीपमधून आले की मात्र त्यांना "या भाऊ, बसा" म्हणत.

ही गाठ कुठून शिकलात असं विचारलं की प्रत्येकाला वेगळं उत्तर. मला सांगितलं, वैनगंगेवरच्या एका ढिवरानं, म्हणजे मासेमार कोळ्यानं, मरताना दिली. सिहोऱ्याच्या गड्याला सांगितलं, सासऱ्यानं हुंड्यात दिली. सुपरवायझरला सांगितलं, स्वप्नात आली. खोटं बोलताना त्यांचा चेहरा इतका गंभीर असायचा की आम्ही तिघं एकदा यावरून भांडलो.

दोन गोष्टी त्यांना खपत नसत. कुणी "तू" म्हटलेलं, आणि कुणी गाठीला नावं ठेवलेली. लाखनीला हायवेवरच्या चहाच्या टपरीवर एक ट्रक डायवर ती दोरी पाहून म्हणाला, "ये तो बच्चों का खेल है, बुढऊ." मिस्तरींनी कपबशी खाली ठेवली. त्याला गोड बोलून त्याच्याच ट्रककडे नेलं, खोक्यावर उभं केलं, ट्रकवर चढून वरून सोडलेल्या दोरावर त्याचा हात पोचणार नाही इतक्या उंच गाठ मारली, फास त्याच्या कमरेला बांधला आणि पायाखालचं खोकं काढून घेतलं. डायवर अधांतरी. वजन होतं म्हणून गाठ सुटेना, आणि पाय टेकत नव्हते म्हणून वजन कमी होईना. मिस्तरी परत येऊन बसले, दुसरा चहा सांगितला आणि फुंकर घालून घालून प्यायले. मागं ट्रकांचे हॉर्न आणि हा माणूस चहा पितोय! चहा संपल्यावर खोकं परत नेऊन दिलं. "पोरायचा खेळ झाला," म्हणाले.

आता ज्या दिवसासाठी हे सगळं लिहायला बसलो तो दिवस सांगतो.

सिहोऱ्याच्या पुढं आमची नवी लाइन एका जुन्या लाइनीवरून पलीकडं न्यायची होती. जुनी अकरा हजार व्होल्टची, आणि चालू. नवी तिच्या कितीतरी वरून जाणार म्हणून तिथं उंच लोखंडी टॉवर उभा केला होता. टॉवरच्या डोक्याजवळून एक लोखंडी हात बाहेर आलेला, आणि त्याला चिनी मातीच्या चकत्यांची माळ टांगायची. त्या हाताच्या बरोबर खालून, पंधराएक हातांवर, जुन्या तारा जात होत्या. काम एक तासाचं. पण जुनी लाइन बंद करून मिळेना. धान घरी आलेलं, मिलवाल्यांचा हंगाम जोरात, आणि बंद करायचं बटण तिथून दोन कोसांवर.

सुपरवायझर म्हणाला, "अरे, ऊपर ऊपर का काम है. नीचे किसको जाना है?"

चढायची पाळी माझी होती. माझी पोरगी तेव्हा चार महिन्यांची होती. मी वर पाहिलं, खाली तारांकडं पाहिलं आणि सांगितलं, "मी नाई चढत." सुपरवायझरनं आवाज चढवला, मीही चढवला. मिस्तरी मध्ये पडले. "गाठ हाय नं बापू. कायले भेतं?"

मला काय झालं कुणास ठाऊक. रात्रभर पोरगी रडली होती, झोप नव्हती, थंडी मी म्हणत होती. मी ओरडलो, "तुमचीच गाठ हाय नं? मंग तुमीच चढा!"

मिस्तरींनी माझ्याकडे पाहिलं नाही. चपला काढल्या, पट्टा आवळला, गळ्यातली दोरी काढली. लोखंडावर दंव होतं. एरवी ऊन चढून लोखंड कोरडं झाल्याशिवाय ते कुणाला पहिल्या पायरीवर पाय ठेवू देत नसत. त्या दिवशी स्वतः चढले, पन्नाशी उलटलेला माणूस. मी त्यांना थांबवायला हवं होतं. दोन शब्द पुरले असते. मी बिडी पेटवली.

वर जाऊन त्यांनी लोखंडी हाताच्या टोकाला जाड दोर बांधला आणि त्यावर आपली गाठ मारली. दोराचं खालचं टोक तारांना लागू नये म्हणून वरच आखडून घेतलेलं, आणि टोकाला जाड अडगाठ. गाठ सरकत तिथवर आली तर थांबेल, पण तिथं थांबणाऱ्या माणसाचे पाय तारांत असतील. हे मला खालून स्पष्ट दिसत होतं. मी ते बोलून दाखवलं नाही.

चकत्यांची माळ टांगून झाली. मिस्तरी मागं सरकायला वळले आणि दंवावरून पाय गेला.

आवाज काही आला नाही. ते एकदम लोखंडी हाताखाली लोंबकळताना दिसले. गाठीनं धरलं होतं. मी श्वास सोडणार, तेवढ्यात त्यांचे दोन्ही हात वर गेले आणि त्यांनी गाठ पकडली.

मिस्तरींनी! ज्यांनी मला मोहाच्या झाडाला चार वेळा मारलं, त्यांनी!

गाठ सरकली. हातभर. थांबली. पुन्हा हातभर. सुपरवायझर खालून बोंबलायला लागला, "पकडो! मिस्तरी, कसके पकडो!" बाकीचे गडीही ओरडायला लागले, "घट्ट धरा बाप्पा, सोडू नका!" आणि मिस्तरी ऐकत होते. आणखी घट्ट धरत होते आणि आणखी सरकत होते. सिहोऱ्याचा गडी सायकल घेऊन बटणाकडे सुटला, पण दोन कोस म्हणजे दोन कोस. तो पोचेस्तोवर सगळं आटोपलं असतं.

मी सुपरवायझरच्या तोंडावर हात दाबला. खरंच दाबला. आणि ओरडलो, "मिस्तरी, हात सोडा! गाठीवरून हात काढा!"

त्यांनी खाली पाहिलं. मला ओळखलं असं वाटलं नाही. तोंड उघडं, डोळे ताठ. आणखी हातभर खाली आले.

"मिस्तरीजी, हात सोडा जी! टाळी वाजवा!"

काही नाही. आता त्यांच्या पायांत आणि तारांत तीन-चार हात राहिले असतील. दंवानं भिजलेल्या जुन्या चकत्यांतून साहेबाची कुरकुर खालपर्यंत ऐकू येत होती.

लोक म्हणतात, तेव्हा मी डोकं चालवलं. कसलं डोकं! मला संताप आला होता. हा माणूस माझ्या एका शब्दावर वर चढला आणि आता माझ्यासमोर, माझ्या डोळ्यांदेखत, स्वतःच्या हातानं मरणार होता, तेही मी शंभरदा ऐकलेली चूक करून. आयुष्यभर हे मी कुठं घेऊन फिरू? माझ्या तोंडाचा तोल गेला.

"अबे ए बुढ्ढ्या!" मी ओरडलो. "खोटी हाय तुही गाठ! आइकू येते का बे? खोटी हाय!"

सरकणं थांबलं नाही, पण मान हलली.

"लोकायले उल्लू बनवलं तू! थो डायवर खरा बोलत होता. पोरायचा खेळ हाय! तुले गाठ मारता येतच नाई बे, म्हाताऱ्या!"

वरून आवाज आला. बारीक, फाटका. "कोन... कोन मनलं बे?"

"मी मनलो! खोटी मनलो! काय करतं?"

"खोटी?" आता आवाज मिस्तरींचा होता. "अबे, डोये फुटले का तुहे? पाह्य! हे पाह्य!"

आणि मला दाखवायला म्हणून त्यांनी दोन्ही हात गाठीवरून काढून आडवे पसरले.

ते धपकन खाली आले. कुणीतरी किंचाळलं. वीतभर आले असतील. मग दोर ताठ झाला, वेढे आवळले, आणि मिस्तरी थांबले. हात तसेच पसरलेले, तळव्यांतून रक्त येत होतं, आणि वरून शिव्यांचा पाऊस. "पाह्य! पाह्य लेका! खोटी मनते! तुह्या बापानं पाह्यली होती का असी गाठ?" एवढं बोलून झाल्यावर त्यांनी खाली पाहिलं. आपले पाय पाहिले, तारा पाहिल्या. आणि दोन्ही पाय पोटाशी ओढून घेतले.

मी चढलो. पलीकडच्या अंगानं, दंवावरूनच. दुसरा दोर त्यांच्याकडे फेकला, तो त्यांनी काखेखालून घेतला, आणि माझ्यामागून आलेल्या दोन गड्यांच्या मदतीनं मी त्यांना टॉवरकडे ओढून घेतलं. त्यांना खाली आणलं. ते मातीवर बसले. तळव्यांची कातडी गेली होती. पाणी मागितलं, पण तांब्या धरता येईना, म्हणून मी त्यांच्या तोंडात ओतलं. आता थोबाडीत बसेल म्हणून मी गाल पुढं करूनच वाकलो होतो. बसली नाही. पाणी पिऊन झाल्यावर ते कुणाच्या तरी सायकलवर मागं बसून बस गाठायला गेले, ते थेट अड्याळला.

तीन दिवस त्यांचा पत्ता नव्हता. टोळीत कुजबुज सुरू झाली, मिस्तरी काम सोडणार. सुपरवायझर म्हणाला, तुझ्या तोंडामुळं गेला. मलाही तेच वाटत होतं. रात्री जेवण जाईना. मी बायकोला काहीच सांगितलं नव्हतं. पोरगी रडायला लागली की उगाच तिच्यावर खेकसायचो.

चौथ्या दिवशी सकाळी लाखनीच्या माझ्या भाड्याच्या खोलीसमोर मिस्तरी उभे. दोन्ही हातांना हळदीच्या चिंध्या. मी जागचा उठलो. ते न विचारताच आत येऊन पाटावर बसले. बायकोनं पदर सारखा केला आणि चहा ठेवला. बशी त्यांनी दोन मनगटांत धरली आणि फुरकन चहा ओढला. मग माझ्याकडे न पाहता तिला विचारलं,

"बाई, यानं मले काय मनलं, थे सांगतलं का?"

"नाई जी."

"मले 'तू' मनलं. बुढ्ढ्या मनलं. माही गाठ खोटी मनली. साऱ्या टोळीसमोर."

बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं की मला जमिनीत जावंसं वाटलं. "चुकलं, मिस्तरी," मी म्हणालो. "चढा मनलो थेबी चुकलं. माह्या तोंडाले..."

"गप राय. मी बोलून राहिलो." त्यांनी बशी खाली ठेवली. मग हळू आवाजात म्हणाले, "मले सारं समजत होतं, बापू. मी सरकून राहिलो, माह्याच हातानं सरकून राहिलो, हात काढाले पायजे. सारं ध्यानात होतं. हातच आइकेना. तीस वर्स लोकायले सांगतलं, अन् माहाच हात माहं आइकेना."

हाताची चिंधी त्यांनी डोळ्यांवरून फिरवली. मी त्यांना कधी असं पाहिलं नव्हतं आणि कुठं पाहावं तेही मला कळेना. माझेही डोळे भरून आले, सांगायला कसली लाज.

"तू खोटी मनलं तवा आइकलं हातानं," ते म्हणाले. "आता असं कर. मी चढीन तवा खाली तू उभा राय. दुसरा कोनी नाई पायजे. म्या गाठ धरली, तं मनजो."

"काय मनू?"

"थेच."

बायको न राहवून म्हणाली, "बाप्पा, बापाच्या वयाच्या मानसाले शिव्या देतीन का हे?"

"देतीन बाई," मिस्तरी उठत म्हणाले. "मी सांगून राहिलो नं. देतीन."

हात बरे व्हायला महिना लागला. मग ते चढले. लाइन बंद होती, ऊन चढलेलं होतं, खांबही साधाच, शेतातला. अर्ध्यावर जाऊन थांबले आणि मान वळवून खाली पाहिलं. मी उभा होतो. मग वर गेले. नवे गडी हसायचे, हा वायरमन काम सोडून खांबाखाली तोंड वर करून काय उभा राहतो म्हणून. सुपरवायझरनं दोनदा हटकलं. मी हललो नाही. वर त्यांचा पाय जरा जरी सरकला की माझ्या तोंडात ती शिवी यायची. ती मी तशीच दातांखाली धरून ठेवायचो, ते खाली उतरून चपला घालेपर्यंत.

पुढं सात वर्षं ते चढत राहिले. ती शिवी मला एकदाही द्यावी लागली नाही. पण त्या सात वर्षांत मिस्तरी वर असताना मी एकदाही खाली बसलो नाही.